नागपुरात हाय-गेन ट्यूब ॲम्प: घेण्याआधी आणि घेतल्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोठा ट्यूब ॲम्प, म्हणजे काचेच्या वॉल्व्हवर चालणारा गिटारचा ॲम्प्लिफायर, घ्यायचं ठरलं की प्रत्येकाच्या डोक्यात तेच तेच प्रश्न येतात, कोणता घेऊ, किती वॅटचा, आपल्या इथल्या लाईटवर चालेल का, उन्हाळ्यात जळणार तर नाही ना. सगळं एका जागी लिहून ठेवतोय. माझं म्हणणं आधीच सांगतो. ॲम्प विकत घेणं हा सोपा भाग आहे, त्याला नागपुरात नीट जगवणं आणि त्यातून नीट आवाज काढणं हे खरं काम आहे. म्हणून सगळं बजेट हेडमध्ये (नुसत्या ॲम्पमध्ये) घालू नका, कॅब (स्पीकरची वेगळी पेटी), अर्थिंग, ट्यूबचा एक जास्तीचा सेट आणि लोडबॉक्स (कॅबच्या जागी लागतो, ॲम्पची ताकद आवाज न करता जिरवतो) यासाठी पहिल्यापासून वेगळे पैसे बाजूला काढा.

हाय-गेन म्हणजे नक्की काय? जुना मार्शल पण डिस्टॉर्शन देतोच ना?

देतो, पण वेगळ्या पद्धतीनं. साठच्या दशकातल्या ॲम्पमध्ये प्रीॲम्पचे (गिटारचा बारीक सिग्नल आधी वाढवणारा भाग) स्टेज कमी होते, आवाज फुल केला की पॉवर ट्यूब (शेवटी स्पीकर हलवणाऱ्या) दमायच्या आणि त्यातून ते डिस्टॉर्शन यायचं, म्हणजे टोन पाहिजे तर अख्ख्या मोहल्ल्याला ऐकवल्याशिवाय इलाज नाही. सत्तरच्या दशकात मेसा बूगीच्या रँडल स्मिथनं प्रीॲम्पमध्ये एकामागे एक जास्तीचे गेन स्टेज जोडले आणि शेवटी मास्टर व्हॉल्यूम दिला, त्यामुळे प्रीॲम्पमध्येच सिग्नल चिरडून घ्यायचा आणि बाहेरचा आवाज वेगळा कंट्रोल करायचा हे जमायला लागलं. १९८७ मध्ये सोल्डानोचा एसएलओ-१०० आला, १९९२ मध्ये पीव्हीचा ५१५०, आणि त्याच काळात मेसाचा ड्युअल रेक्टिफायर. आज मेटल म्हटलं की जो आवाज कानात वाजतो तो बहुतेक याच घराण्यातला आहे. एसएलओ आणि रेक्टिफायर दोघांतही एक स्टेज मुद्दाम खूप थंड बायस केलेला आहे, म्हणजे ट्यूब खूप कमी करंटवर ठेवलेली, कॅथोडला ३९ किलोओहमचा रेझिस्टर, त्याला कोल्ड क्लिपर म्हणतात. तो वेव्हची एक बाजू लवकर कापतो आणि तिथूनच ती खरखरीत, दाट धार येते. स्कीमॅटिक (सर्किटचा नकाशा) वाचता येत असेल तर हा एकच भाग शोधून पाहा, मजा येईल.

भाऊ, मग कोणता घेऊ?

तुमचे हात काय वाजवून राहिले त्यावर आहे. घट्ट, फास्ट पाम-म्यूट (तळहातानं तारा दाबून वाजवलेले तुटक सूर), रिफ पाहिजे तर ५१५० किंवा त्याचंच पुढचं नाव ६५०५, नाहीतर ईव्हीएच कंपनीचा ५१५० थ्री. गिटारिस्ट एडी व्हॅन हेलन पीव्हीकडून निघाला तेव्हा ५१५० चं नाव बदलून ६५०५ झालं, मूळ सर्किट तेच राहिलं. रुंद, जाड, भिंतीसारखा आवाज पाहिजे, ड्रॉप ट्यूनिंग (जाड तार अजून खाली उतरवून) वाजवता, तर रेक्टिफायर. क्लासिक हार्ड रॉक, मिड्स (मधले सूर) समोर आणि बोटांचा प्रत्येक फरक ऐकू आला पाहिजे तर मार्शल जेसीएम८०० २२०३ आणि पुढे एक ओव्हरड्राइव्ह पेडल. एकाच हेडमध्ये सगळं पाहिजे तर मार्शल जेव्हीएम४१०, चार चॅनल आणि प्रत्येकाला तीन मोड, लग्नाच्या बँडमध्ये वाजवणाऱ्याला हा सगळ्यात कामाचा. जर्मन बाजूला एंगल आणि डीझेल आहेत, आवाज एकदम कापलेला, स्वच्छ.

माझं मत विचाराल तर पहिल्या हाय-गेन ॲम्पसाठी ५१५० घराणं. नॉब कमी, चुकीची सेटिंग लावायला जागा कमी, आणि सर्किट इतकं प्रसिद्ध आहे की उद्या बिघडलं तर कोणत्याही समजदार टेक्निशियनला स्कीमॅटिक दाखवून काम करून घेता येतं. आपल्या शहरात या गोष्टीला फार किंमत आहे.

रेक्टिफायरमध्ये त्या रेक्टिफायर ट्यूबचं काय काम?

एसीचा डीसी करायचं. ड्युअल रेक्टिफायरमध्ये ५यू४ ट्यूब किंवा सिलिकॉन डायोड असं निवडता येतं. ट्यूबवर ठेवलं तर जोरात पिक मारल्यावर व्होल्टेज किंचित बसतं, आवाज मऊ होतो. फास्ट मेटल वाजवायचं तर डायोडवर ठेवा.

१०० वॅटचाच पाहिजे, ५० मध्ये ती ताकद येत नाही ना?

हा गैरसमज खूप जणांना महागात पडतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो. वॅट अर्धे केले की आवाज फक्त ३ डेसिबलनं कमी होतो. १०० वॅटवरून २० वॅटवर आलात तरी फरक साधारण ७ डेसिबल. कानाला आवाज अर्धा वाटायला १० डेसिबल कमी व्हावे लागतात, म्हणजे वॅट दहा पटीनं कमी. म्हणजे ५० वॅटचा ॲम्प १०० च्या अर्धा नाहीच, जवळजवळ तेवढाच मोठा आहे.

आता दुसरा आकडा पाहा. सेलेस्टियनचा व्हिंटेज ३० स्पीकर एका वॅटला एका मीटरवर १०० डेसिबल देतो. एका वॅटला! म्हणजे प्रतापनगरच्या तुमच्या दहा बाय बाराच्या खोलीत तुम्ही कधीच दोन-तीन वॅटच्या वर जात नाही, बाकीचे सगळे वॅट पेटीत बसून राहतात. मग १०० वॅट कशासाठी असतात तर हेडरूमसाठी. लो-ई वर (सगळ्यात जाड तारेवर) जोरात चग (दाबून मारलेला ठोका) मारली की बेसला खूप करंट लागतो, मोठा आऊटपुट ट्रान्सफॉर्मर ते न दमता देतो म्हणून लो-एंड घट्ट राहतं. हा फरक खरा आहे पण तो ऐकू यायला व्हॉल्यूम पाहिजे. स्टेजवर ड्रमरच्या बाजूला उभं राहणारा असाल तर ५० किंवा १००, घर आणि जॅमरूम असेल तर २० ते ५० मध्ये सुखी राहाल आणि जिना चढवताना पाठ पण आशीर्वाद देईल.

फ्लॅटमध्ये राहतो, खालच्या काकूंची तक्रार येईल. करू काय?

तक्रार येण्याआधी काकूंना जाऊन भेटा, कोणत्या वेळी वाजवलेलं चालेल ते विचारून घ्या, हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. कायद्यानं सुद्धा रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. वरचा १०० डेसिबलवाला आकडा आठवा म्हणजे समजेल.

तांत्रिक उपाय म्हणजे लोडबॉक्स. हेडचा स्पीकर आऊट लोडबॉक्समध्ये, तिथून लाईन आऊट ऑडिओ इंटरफेसमध्ये, कॉम्प्युटरवर कॅबचा आयआर (कॅबच्या आवाजाचा डिजिटल ठसा) लावायचा आणि हेडफोन. टू नोट्सचा कॅप्टर यासाठी खूप जण वापरतात, तो ४, ८ आणि १६ ओहम अशा वेगवेगळ्या व्हर्जनमध्ये येतो, आपल्या हेडला जुळणारा पाहून घ्या. बरेचसे नवीन छोटे हेड आतच लोड आणि लाईन आऊट घेऊन येतात, तसं असेल तर हा खर्च वाचला. पण मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असेल तरच बिना कॅब चालवा. नुसता लाईन आऊटचा जॅक दिसला म्हणून आत लोड आहे असं समजायचं नाही.

आधी हेड घेऊ की कॅब?

कॅबकडे आधी पाहा. माझ्या कानाला स्पीकर बदलल्यानं जेवढा फरक पडतो तेवढा ट्यूब बदलून कधीच पडत नाही. व्हिंटेज ३० मध्ये अप्पर मिड्स समोर येतात, मेटलच्या असंख्य रेकॉर्डिंगवर तोच आहे, ६० वॅटचा स्पीकर. जी१२टी-७५ थोडा पोकळ मिड आणि जास्त लो, मार्शलच्या १९६०ए कॅबमध्ये हेच चार असतात. ग्रीनबॅक २५ वॅटचा, गोड आहे पण १०० वॅटच्या हेडला दोन ग्रीनबॅक लावायचे नाहीत, जळतील.

४x१२ चा (बारा इंची चार स्पीकरच्या कॅबचा) मोह सगळ्यांना होतो, दिसतो पण तसाच. पण मनीषनगरच्या तिसऱ्या मजल्यावर ३५-३६ किलोची पेटी दर गिगला उतरवणार कोण? बंद पाठीचा २x१२ घ्या, ऑटोच्या मागच्या सीटवर सुद्धा बसतो.

कॅब इथल्या सुताराकडून बनवून घेतला तर चालेल?

एकदम चालेल, उलट मी म्हणतो बनवाच. बाहेरून कॅब मागवला तर मालापेक्षा वाहतूक महाग पडते. स्पीकर तेवढे मागवा, पेटी इथं. १८ मिमीचं चांगलं प्लाय घ्या, आतून पोकळी नसलेलं, बीडब्ल्यूपी ग्रेड मिळालं तर उत्तम. पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ नको, आपल्या पावसाळ्यात फुगतं आणि स्क्रू सुटतात. सांधे नुसत्या खिळ्यांवर नको, फेव्हिकॉल आणि स्क्रू दोन्ही. १२ इंची स्पीकरसाठी भोक साधारण २८३ मिमीचं लागतं पण स्पीकरची डेटाशीट सुताराच्या हातात द्या, अंदाजानं कापू देऊ नका. मागची बाजू पूर्ण बंद, आणि मधोमध समोरून मागे एक पट्टी टाकायला सांगा म्हणजे मागचं प्लाय थरथरत नाही. सुतारभाऊला आधी समजावून सांगा की ही पेटी आतून थरथरणार आहे आणि एक सुद्धा फट राहिली तर तिथून फुर्र आवाज येईल, एकदा हे कळलं की मग ते फर्निचरपेक्षा जास्त मन लावून करतात हे मी पाहिलंय.

ओहमचं गणित काही समजत नाही.

थोडक्यात. दोन सारखे स्पीकर पॅरलल जोडले की ओहम अर्धे, सिरीज जोडले की दुप्पट. १६ चे दोन पॅरलल म्हणजे ८. आठचे दोन पॅरलल म्हणजे ४, सिरीज म्हणजे १६. कॅबचे जेवढे ओहम तेवढ्यावरच हेडचा सिलेक्टर किंवा तेवढाच जॅक. ट्यूब ॲम्पमध्ये "जास्त ओहम चालतात" हा ट्रान्झिस्टर ॲम्पवाला नियम लावू नका, जुळवून ठेवा.

केबल पण नीट घ्या. हेड ते कॅब स्पीकर केबलच पाहिजे, दोन जाड तारांची. गिटारची केबल दिसायला सेम असते पण आतली तार बारीक आणि वरून शील्ड, ती तापते, शॉर्ट होते आणि ट्रान्सफॉर्मर घेऊन जाते.

चुकून कॅब न लावता चालू केला तर?

लगेच बंद करा. लोड नसला की आऊटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज खूप चढतं, इन्सुलेशन फुटतं किंवा ट्यूबच्या सॉकेटवर ठिणगी पडते. स्टँडबायवर (ट्यूब गरम, पण हाय व्होल्टेज बंद) असेल तर काही होत नाही. सवय अशी लावा की स्पीकर केबल सगळ्यात आधी लागते आणि सगळ्यात शेवटी निघते.

अमेरिकेतला चुलतभाऊ दिवाळीत येऊन राहिला, तिकडून आणायला सांगू?

तीन गोष्टी पाहा. पहिली, वजन. १०० वॅटचं हेड वीस किलोच्या आसपास किंवा वर जातं, त्यात पॅकिंग, आणि विमानाच्या एका बॅगची मर्यादा बहुतेक वेळा २३ किलो, म्हणजे दादाची एक बॅग पूर्ण गेली, वहिनींना आधी विचारा. दुसरी, कस्टम. विमानतळावर ड्युटी भरायची तयारी ठेवा, बिल सोबत ठेवा. कुरिअरनं मागवलं तर ड्युटी नुसत्या किमतीवर लागत नाही, शिपिंग आणि इन्शुरन्स धरून लागते आणि त्या सगळ्याच्या वर जीएसटी, त्यामुळे तिकडची किंमत पाहून खूश होऊ नका.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, व्होल्टेज. तिकडे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. इकडे २३०, ५० हर्ट्झ. मागच्या पॅनलवर फक्त १२० लिहिलेलं असेल तर दोन रस्ते, आतला पॉवर ट्रान्सफॉर्मर मल्टि-टॅप (वेगवेगळ्या व्होल्टेजच्या तारा असलेला) असेल तर टेक्निशियनकडून २३० ला वायरिंग बदलून घ्यायचं, नसेल तर स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर. बाजारात मिळणारे स्टेपडाऊन बहुतेक ११० चे असतात. १२० च्या ॲम्पला ११० दिले तर ट्यूबच्या हीटरला ६.३ च्या जागी साधारण ५.८ व्होल्ट पोचतात, ॲम्प मरत नाही पण आवाज मरगळतो. वाइंडिंग करणाऱ्याकडून १२० चाच बनवून घ्या, मागच्या पॅनलवर जेवढे वॅट लिहिलेत त्याच्या दुप्पट व्हीएचा, आणि अर्थची तार आरपार गेली पाहिजे हे समोर उभं राहून पाहा. ५० हर्ट्झवर ६० साठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर जरा जास्त तापतो, आणि आपल्या मे महिन्यात "जरा जास्त" हे खूप होतं. म्हणून जमेल तेवढं २३० चं मॉडेलच घ्या, मुंबई-बंगळुरूच्या दुकानातून घेतलं तर हा प्रश्नच येत नाही.

नागपूरच्या लाईटवर ट्यूब ॲम्प टिकतो का?

टिकतो, पण घराचं वायरिंग नीट असलं तर. यावर मी सगळ्यांच्या मागे लागतो आणि लागत राहणार.

पहिले अर्थिंग. इतवारी-महालच्या जुन्या वाड्यांमध्ये तीन पिनचं सॉकेट असतं पण तिसऱ्या भोकाच्या मागे तारच नसते. इलेक्ट्रिशियनला बोलावून मल्टिमीटरनं मोजून घ्या, फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ पण तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ काहीतरीच दाखवत असेल तर अर्थिंग नाही असं समजा. आणि आपल्याकडे अजून एक भानगड आहे, काळी माती. पावसाळ्यात अर्थिंग झकास असतं आणि एप्रिल-मेमध्ये माती सुकून भेगा पडल्या की तेच अर्थिंग कमजोर होतं. घरचा अर्थचा खड्डा कुठं आहे ते शोधा आणि उन्हाळ्यात त्यात पाणी टाकत जा. ॲम्पमध्ये ४००-५०० व्होल्ट डीसी फिरत असतं आणि तुमची गिटारची तार त्याच चेसिसला जोडलेली असते, वर तुमचे ओठ माइकला. हमिंग जातं म्हणून अर्थची पिन तोडणारे लोक आहेत, असं कधीच करू नका, जीव जातो. सोबत ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच लाईट तोडणारा स्विच) बोर्डात बसवून घ्या.

दुसरं व्होल्टेज. दुपारी सगळ्या गल्लीचे कूलर-एसी चालू असतात तेव्हा खाली, मध्यरात्री वर. व्होल्टेज १० टक्के चढलं की हीटर ६.३ वरून ६.९ वर जातो आणि ट्यूबचं आयुष्य कमी होतं. एक आठवडा वेगवेगळ्या वेळी मोजून लिहून ठेवा, फार वर-खाली होत असेल तर सर्वो स्टॅबिलायझर घ्या. फ्रिजवाला रिलेचा स्टॅबिलायझर टप्प्याटप्प्यानं उडी मारतो आणि प्रत्येक उडीचा टक् आवाज ॲम्पमधून येतो.

फ्यूज मागच्या पॅनलवर लिहिलेल्या आकड्याचाच, टी लिहिलं असेल तर स्लो-ब्लो. चार-पाच घेऊन ठेवा. वरचेवर उडून राहिला तर मोठा फ्यूज टाकायचा नाही, ॲम्प दाखवायचा.

इन्व्हर्टरवर वाजवू का?

स्क्वेअर वेव्हवाल्यावर अजिबात नाही. प्युअर साइन वेव्ह असेल आणि क्षमता असेल तरी मी लाईट यायची वाट पाहीन.

४५ डिग्रीत ॲम्प जळणार तर नाही?

ट्यूब स्वतः इतक्या गरम असतात की त्यांना नवतपा काही वाटत नाही. त्रास होतो तो आजूबाजूच्या पार्टला, खास करून फिल्टर कॅपेसिटरला, ते उष्णतेनं लवकर सुकतात. म्हणून हेडच्या मागे आणि वर हवा खेळायला जागा सोडा, कपाटात कोंबून वाजवू नका, हेडवर कपडा-पुस्तकं काही ठेवू नका. मागून एक छोटा टेबल फॅन, बस.

कूलरच्या झोतात मात्र ठेवू नका. कूलरची हवा ओली असते आणि आपल्या पाण्यात क्षार किती आहेत ते खसच्या ताटीवर जमलेल्या पांढऱ्या थरावरून दिसतंच, तेच सॉकेटच्या पिनांवर आणि जॅकवर बसतं. मग ट्यूब चुरचुरायला लागतात आणि लोक ट्यूब बदलतात, खरं तर सॉकेट साफ करायचं असतं. शिवाय कूलरची मोटर आणि पंखा-लाइटचे डिमर त्याच लाइनवर असतील तर हाय-गेन चॅनलवर सगळं ऐकू येतं. शक्य असेल तर ॲम्पसाठी बोर्डातून वेगळी लाइन ओढून घ्या.

पावसाळ्यात उलटं, पंधरा-पंधरा दिवस बंद ठेवू नका. आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवला की आतली ओल निघते, टोलेक्सवर (पेटीवरच्या कव्हरवर) बुरशी धरत नाही.

सेकंड हँड घेताना काय पाहू?

मागचा पॅनल पाहा, व्होल्टेज कोणतं. ट्रान्सफॉर्मरचा वास घ्या, जळका वास असेल तर परत फिरा. थंड ॲम्प समोर चालू करायला लावा, एक मिनिट स्टँडबाय, मग सगळे चॅनल, सगळे नॉब फिरवून, फुटस्विच लावून, लूपमध्ये (इफेक्ट जोडायचे मागचे सेंड-रिटर्न जॅक) केबल टाकून, आणि अर्धा तास वाजवा, कारण बरेच आजार गरम झाल्यावरच दिसतात. पॉवर ट्यूबची आतली प्लेट लाल होत असेल तर बंद करायला सांगा, बायस गडबडलाय. निळी चमक काचेजवळ दिसली तर घाबरू नका, ती नॉर्मल असते. पंधरा-वीस वर्षं जुना असेल तर फिल्टर कॅपेसिटर बदलायचा खर्च किमतीतून कमी करून मागा.

पुण्या-मुंबईहून आणताना ट्यूब काढून, कोणती कोणत्या सॉकेटची ते मार्क करून वेगळ्या पॅक करा. समृद्धीनं कारमध्ये मागच्या सीटवर आणणं सगळ्यात बेस्ट, ट्रान्सफॉर्मरची बाजू खाली ठेवून.

ट्यूब कधी बदलायच्या, कोणत्या, आणि बायस म्हणजे काय?

प्रीॲम्पच्या १२एएक्स७ वर्षानुवर्षं चालतात, आवाज करायला लागली किंवा मायक्रोफोनिक झाली तरच बदला. पेन्सिलनं एकेकीला हळूच टिचकी मारा, जी टण् वाजते ती खराब. पहिली, म्हणजे व्ही१, सगळ्यात संवेदनशील, सगळ्यात शांत ट्यूब तिथं लावा. पॉवर ट्यूब, ईएल३४ किंवा ६एल६, या जास्त झिजतात, लो-एंड ढिला वाटला, आवाज सपाट झाला की पूर्ण मॅच्ड सेट बदला.

आज ट्यूब मुख्यतः स्लोव्हाकियाची जेजे, रशियाचा सारातोव्हचा कारखाना आणि चीन इथून येतात. २०२२ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर रशियन ट्यूबचे भाव एकदम चढले आणि माल गायब झाला होता, तेव्हापासून मी म्हणतो एक सेट घरात पाहिजेच. एकेकाळी आपल्या बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये सुद्धा ईसीसी८३ बनायच्या, तीच १२एएक्स७. कोणा जुन्या रेडिओवाल्या काकांच्या डब्यात त्या सापडल्या तर सोडू नका. या काकांशी ओळख ठेवा, वॉल्व्हचे रेडिओ ज्यांनी दुरुस्त केले त्यांना हाय व्होल्टेजची शिस्त माहीत असते.

बायस म्हणजे ट्यूब काही वाजत नसताना किती करंट पिते ते. हिशोब सोपा आहे, ईएल३४ ची प्लेट २५ वॅटची, क्लास एबी ॲम्पमध्ये त्याच्या ७० टक्क्यांच्या वर जायचं नाही म्हणजे १७.५ वॅट, प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर साधारण ३९ मिलिअँप. ६एल६जीसी ३० वॅटची, तिला त्याच व्होल्टेजवर ४६-४७ पर्यंत. ही वरची मर्यादा आहे, टार्गेट नाही. मार्शलमध्ये बायसचा पॉट असतो. मेसाच्या बहुतेक ॲम्पमध्ये नसतो म्हणून ते ठरावीक रेंजच्या ट्यूब वापरायला सांगतात. पीव्हीच्या ५१५० मध्ये पण पॉट नाही आणि मूळचा बायस थंडच आहे, तसाच चालतो. इलेक्ट्रॉनिक्स शिकला नसाल तर चेसिस उघडू नका, प्लग काढल्यावर सुद्धा कॅपेसिटरमध्ये चारशेच्या वर व्होल्ट राहू शकतात.

हम्म्म आवाज येऊन राहिला, कुठून?

गिटारची केबल काढा. आवाज गेला तर दोष गिटार, केबल किंवा पेडलमध्ये. राहिला तर ॲम्पमध्ये. मग फोनवर ट्यूनरचं किंवा स्पेक्ट्रमचं ॲप उघडून पाहा, ५० हर्ट्झचा जाड हम असेल तर ग्राउंड लूप किंवा हीटरची बाजू, १०० हर्ट्झचा भर्र असेल तर पॉवर सप्लायचे फिल्टर कॅपेसिटर म्हातारे झाले. थोडा सुस्स आवाज मात्र हाय-गेनमध्ये राहणारच.

सेटिंग काय ठेवू? घरी भारी वाटतं, जॅमरूममध्ये गायब होतं.

कारण घरी हळू आवाजात कानाला बेस आणि ट्रेबल कमी ऐकू येतात, मग आपण ते वाढवतो आणि मिड्स कापतो. जॅमरूममध्ये व्हॉल्यूम वाढला की तोच बेस बासगिटारच्या अंगावर जातो, ट्रेबल झांजेवर, आणि गिटारची जागा होती मिड्समध्ये, ती तर आपणच कापून ठेवली.

सगळे नॉब बारा वाजता ठेवून सुरू करा. मग गेन खाली आणा, पाम-म्यूट तुटक ऐकू येईपर्यंत खाली. ५१५० घराण्यात चार-पाचच्या वर क्वचितच लागतं. दोन गिटारवाले असाल तर अजून कमी, रेकॉर्डिंगला डबल ट्रॅक करणार असाल तर त्याहून कमी. मास्टर हळूहळू वर न्या, एका जागेवर पॉवर सेक्शन जागा होतो, कॅब छातीला लागायला लागतो, ती जागा शोधा. आता बेस कमी करा. रेझोनन्स किंवा डेप्थचा (खालच्या घुमाऱ्याचा) नॉब बेसच्या आधी हलवून पाहा. प्रेझेन्स (वरची धार) सगळ्यात शेवटी. आणि हे सगळं कॅबच्या समोर पायाशी उभं राहून नाही, स्पीकर एका रेषेत धार फेकतो, तुमच्या गुडघ्याला ट्रेबल लागतो आणि कानाला नाही. कॅब स्टुलावर चढवा किंवा खाली बसून कान त्याच्या उंचीला आणा, मग सेटिंग करा. टाइल्सची फरशी आणि उघड्या भिंती असतील तर समोरच्या भिंतीला एक गादी उभी करा, अर्धी करकर तिथंच जिरते.

ट्यूब ॲम्पला ट्यूब स्क्रीमर कशाला लावतात?

गेनसाठी नाही. ड्राइव्ह शून्य, लेव्हल फुल, टोन मधोमध. इबानेझचं हे पेडल ७२० हर्ट्झच्या खालचं हळूहळू कापतं आणि मिड्स पुढे ढकलतं, त्यामुळे पहिल्या ट्यूबमध्ये फालतू बेस जातच नाही आणि रिफ घट्ट होतो. नॉइज गेट (वाजवत नसताना सुस्स आवाज बंद करणारं पेडल) चार केबलनं लावा, गिटार गेटमध्ये आणि गेटचा लूप ॲम्पच्या प्रीॲम्पभोवती, म्हणजे गेट गिटारचा स्वच्छ सिग्नल ऐकून निर्णय घेतो. डिले-रिव्हर्ब ॲम्पच्या एफएक्स लूपमध्ये, समोर नाही.

मॉडेलर (ॲम्पच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारं यंत्र) घेतला तर यातलं काहीच करावं लागत नाही, मग ट्यूब का?

रेकॉर्डिंगमध्ये चांगला मॉडेलर आणि खरा ॲम्प यात फरक ओळखणं अवघड आहे, हे मी मान्य करतो, आणि दर आठवड्याला गिग करणाऱ्याला मी मॉडेलरच सांगीन. पण खोलीत उभं राहून, मागे कॅब, आणि गिटारचा व्हॉल्यूम नॉब दहावरून सहावर आणला की ॲम्प बोटांखाली मोकळा होतो, फीडबॅक हवा तिथं धरता येतो, ते मला कॅबसमोरच मिळतं. ज्याला हे पाहिजे त्यानं घ्यावा.

घरी आला! पहिल्या दिवशी काय करू?

खोका उघडून दोन-तीन तास खोलीच्या तापमानाला येऊ द्या. मागून टॉर्च मारून ट्यूब सॉकेटमध्ये नीट बसल्यात का, प्रवासात सैल झाल्या का ते पाहा, क्लिप लावा. व्होल्टेज सिलेक्टर २३० किंवा २४० वर आहे का पाहा. ओहम जुळवा, स्पीकर केबल, मग पॉवर केबल. सगळे व्हॉल्यूम शून्य. पॉवर ऑन, स्टँडबायवर एक मिनिट, मग स्टँडबाय काढा. पहिली दहा मिनिटं क्लीन चॅनलवर हळू वाजवा, नाक आणि कान उघडे ठेवा. सगळं ठीक वाटलं की लीड चॅनल लावा, गेन चारवर, आणि काकूंनी सांगितलेली वेळ असेल तर मास्टर वर करा.